नाकापेक्षा टायर जड

छोटी ऑफ-रोडर घेणारा माणूस ती छोटी आहे म्हणूनच घेतो, आणि घरी आणल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती मोठी दिसावी म्हणून पैसे मोजायला लागतो. सह्याद्रीतल्या बैलगाडीच्या वाटेवर, दोन्ही अंगांनी करवंदीच्या जाळ्या दाराला ओरबाडत असताना जी सडपातळ अंगकाठी देवासारखी धावून येते, तीच सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या दांडग्या एसयूव्हीपुढे त्याला खुपू लागते. मग खुराक सुरू होतो. आधी मोठे टायर येतात. मोठे टायर आले की पहिल्याच पूर्ण वळणाला खालून खर्रर्र असा आवाज येतो, जणू गाडीच्या पोटात कोणी नारळ खवायला बसलं आहे. या आवाजावर मित्र, गॅरेजवाला आणि टपरीवर चहा पीत उभा असलेला तिऱ्हाईत या तिघांचं विलक्षण एकमत होतं: 'स्पेसर टाक.' एरवी पोह्यात बटाटा असावा की नसावा यावर ज्यांचं जमत नाही, ते इथे एका सुरात बोलतात. खरं तर तिथेच संशय यायला हवा.

स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची धातूची जाड चकती. ती चाकाला आपल्या जाडीइतकं बाहेर ढकलते. झालं, तिची कर्तबगारी संपली. ती टायर लहान करत नाही, गाडी उचलत नाही, बंपरची समजूत घालत नाही. वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांचं भांडण झालं म्हणून एकाची खाट ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सरकवावी, तसा हा उपाय. जुन्या शेजाऱ्याशी भांडण मिटतं, यात शंका नाही. पण त्या दुसऱ्या टोकालाही कोणीतरी राहतच असतं. माझं म्हणणं एवढंच की टायर नेमका कुठे घासतो हे शोधण्याआधी घेतलेला स्पेसर म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. आणि शोध घेतल्यावर पुष्कळदा असं दिसतं की स्पेसरची गरज नव्हती, किंवा होती ती मनात धरलेल्या जाडीपेक्षा बरीच कमी होती.

सुझुकी जिमनीचंच उदाहरण घेऊ, कारण हा खुराक तिच्याइतका क्वचितच कुठल्या गाडीला घातला जात असेल. १९७० साली ३६० सीसी वर्गातलं इवलंसं इंजिन घेऊन ती जपानमध्ये जन्मली. आपल्याकडे १९८५ मध्ये जिप्सी या नावाने तिच्याच कुळातली गाडी आली आणि पुढे लष्करात आणि पोलिसांत नोकरीला लागली, आणि जून २०२३ मध्ये पाच दरवाज्यांची जिमनी भारतात विक्रीला आली. जपानमध्ये मात्र ही गाडी दोन मापांत विकली जाते. तिथल्या 'केई' वर्गातल्या मोटारींना १.४८ मीटरपेक्षा जास्त रुंदीची मुभा नाही, म्हणून त्या वर्गातल्या जिमनीच्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर १२६५ मिलिमीटर ठेवलेलं आहे. मोठ्या इंजिनाच्या जिमनीत तेच अंतर १३९५ मिलिमीटर आहे, आणि भारतात येते ती हीच. म्हणजे प्रत्येक बाजूला ६५ मिलिमीटर जास्त. मधलं खोकं जवळपास तेच, फक्त आस रुंद आणि त्यावर चाकांना झाकायला प्लास्टिकच्या रुंद कमानी. थोडक्यात, आपल्याला मिळणारी गाडी कारखान्यातूनच छाती फुगवून आलेली असते. तिला आणखी ३० मिलिमीटर फुगवायला सांगणं म्हणजे आधीच श्वास रोखून फोटोला उभ्या राहिलेल्या माणसाला 'जरा आणखी' म्हणणं.

पण मुळात हे प्रकरण सुरू होतं टायरपासून, आणि टायरचा हिशेब बाजारात फारसा कोणी मांडत नाही. जिमनीचा मूळ टायर १९५/८० आर १५. यातला १९५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे त्या रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची, आणि १५ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. गुणाकार-बेरीज केली की पूर्ण व्यास ६९३ मिलिमीटर येतो. २१५/७५ घेतला तर साधारण ७०३, म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर वाढ. या मापाशी गाडीचं बहुतेक वेळा भांडण होत नाही. पण मन धाव घेतं २३५/७५ कडे. त्याचा व्यास ७३३. आता ४० मिलिमीटरची वाढ ऐकून छाती भरून येते, पण आस चाकाच्या मध्यातून जातो, त्यामुळे गाडी उचलली जाते ती निम्म्याने, म्हणजे दोन सेंटिमीटर. २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स २३० होतो. तेवढ्यासाठी मोजायचं काय? प्रत्येक फेऱ्यात चाक जवळपास सहा टक्के जास्त रस्ता कापतं, म्हणून दीड लिटरच्या बिचाऱ्या इंजिनाला प्रत्येक गिअर सहा टक्क्यांनी जड वाटतो. अचूक काटासुद्धा साठ दाखवेल तेव्हा खरा वेग साडेत्रेसष्टच्या आसपास असेल. आणि मागच्या दारावर लटकणारी स्टेपनीही वजनदार होते. दाराच्या बिजागऱ्यांचं मत कोणी विचारलेलं नसतं. नाकापेक्षा मोती जड ही म्हण ज्याने केली त्याने टायरचं दुकान पाहिलेलं नसणार, पण अंदाज बरोबर होता.

तरीही २३५ हवाच, असं धरून चालू. चिखलात आणि वाळूत मोठ्या टायरचा फायदा खरा असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. हा टायर मूळ टायरपेक्षा ४० मिलिमीटर रुंद आहे. त्याच रिमवर बसवला की २० मिलिमीटर आत आणि २० मिलिमीटर बाहेर सरकतो. आतल्या बाजूला पुढच्या आसाला धरून ठेवणारे रेडियस आर्म असतात. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायरची आतली कड त्यांना जाऊन भिडते, आणि तो नारळ खवल्याचा आवाज पुष्कळदा इथूनच येतो. इथे स्पेसरवाल्यांचा युक्तिवाद अगदी बिनतोड आहे: चाक बाहेर घ्या, आर्म सुटेल. सुटतो. पण चाक स्वतःच्या मध्याभोवती वळत नाही. ते किंगपिनच्या रेषेभोवती वळतं, दार बिजागरीभोवती फिरतं तसं. दार जितकं रुंद, तितकी त्याची कड लांबून फिरते. चाक ३० मिलिमीटर बाहेर गेलं आणि ते ३५ अंशांत वळतं असं धरलं, तर एका वळणाला ते पूर्वीपेक्षा साधारण १७ मिलिमीटर जास्त पुढे आणि दुसऱ्या वळणाला तितकंच जास्त मागे जातं. त्यात टायरच्या वाढलेल्या त्रिज्येचे २० मिळवा. म्हणजे बंपरची मागची कड, आतलं प्लास्टिकचं लाइनर आणि मडफ्लॅप या मंडळींच्या अंगावर टायर साडेतीन सेंटिमीटरहून अधिक चालून जातो. आर्मशी तह झाला आणि बंपरशी युद्ध पेटलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, फक्त इथे फुफाटा विकत घ्यावा लागतो.

शिवाय ही सगळी सपाट जमिनीवरची गोष्ट झाली. गाडी गॅरेजच्या फरशीवर उभी करून, स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून 'काही लागत नाही' असं जाहीर करणं म्हणजे मुलाला खुर्चीत बसवून त्याला पोहता येतं असं ठरवणं. जिमनीचे दोन्ही आस अखंड आहेत. एक चाक दगडावर चढलं की संपूर्ण आस कलतो, वर गेलेल्या चाकाचा माथा आत झुकतो, स्प्रिंग दबते आणि टायर कमानीत घुसतो. घासणं तिथे कळतं. म्हणून पाहणी करायची ती एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवून, आस बंप स्टॉपला, म्हणजे त्याला वर अडवणाऱ्या ठोकळ्याला, टेकेपर्यंत स्प्रिंग दाबून, आणि मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन. नंतर हेच दुसऱ्या बाजूने, नंतर मागच्या चाकांना. अंतर मोजायला महागडं यंत्र लागत नाही. संशयाच्या जागी कणकेचा गोळा चिकटवा, चाक फिरवा, आणि जी जाडी उरली ती पट्टीने मोजा. कणीक खोटं बोलत नाही; उरलेल्याची पोळी करायचा मोह मात्र आवरावा. पहिल्या चिखलाच्या फेरीनंतर पुन्हा पाहायला हवं, कारण पावसाळ्यात टायरवर चढलेला चिखल हा टायरचाच भाग असल्यासारखा वागतो.

एकदा जागा कळली की उपाय बहुधा स्पेसरपेक्षा स्वस्त निघतो, आणि म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात नसते. आर्मला अगदी थोडं घासत असेल, तर चाकाचं वळण जिथे थांबतं तो मर्यादेचा बोल्ट किंचित बाहेर काढता येतो. गाडी वळायला जरा जास्त जागा मागेल. पाच दरवाज्यांच्या जिमनीची वळण-त्रिज्या मुळातच ५.७ मीटर आहे, त्यात आणखी वाढ म्हणजे घाटातल्या एखाद्या वळणावर एकदा मागे-पुढे करणं आलं, ही किंमत मी लपवत नाही. मडफ्लॅपला घासत असेल तर मडफ्लॅप मागे घ्या. लाइनर फुगून पुढे आलं असेल तर गरम हवेने मागे दाबा. कमानीच्या माथ्याला लागत असेल तर बंप स्टॉप उंच करा; आणि या शेवटच्या तक्रारीवर तर स्पेसर निव्वळ अपायकारक आहे, कारण बाहेर आलेला टायर कमानीच्या कडेखाली जायच्या ऐवजी थेट कडेवरच चढतो. मग कानाने ऐकू येणारं घासणं डोळ्यांना दिसू लागतं, कापलेल्या रबराच्या रूपात.

आता आक्षेप. पहिला आक्षेप स्थैर्याचा: चाकं रुंद बसली की गाडी कमी कलंडते. तत्त्वतः अगदी बरोबर. दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटरचे स्पेसर लावले तर १३९५ चे १४५५ होतात, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास रुंदी वाढते. पण स्पेसर एकटा क्वचितच येतो. त्याच्या पाठोपाठ, बहुतेकदा त्याच बिलात, दोन इंची लिफ्ट किट येतं. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटरवर आहे असं हिशेबापुरतं धरा. तो ५० ने वर गेला की सात टक्क्यांची वाढ झाली. रुंदीत चार कमावले, उंचीत सात घालवले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि तरी जेवणारे खूश.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कंपनीनेच हे केलेलं आहे. हे खरं आहे. जिप्सीच्या चाकांमधलं अंतर आधी पुढे १२१० मिलिमीटर होतं. १९९३ साली मारुतीने 'वाइड ट्रॅक' जिप्सी आणली आणि ते १३०० केलं. पोर्शसारखी कंपनीसुद्धा काही मोटारींना ५ मिलिमीटरचे स्पेसर स्वतः देत आली आहे. मग आपल्याला नावं का? तर जिप्सीचे ९० मिलिमीटर कारखान्यात, गाडीचं अंग त्या मापाला बेतून वाढवलेले होते, चकत्या सरकवून नव्हे; आणि पोर्शचे स्पेसर त्या गाडीसाठी तपासलेले, त्यांच्याबरोबर त्या मापाचे लांब बोल्टही येतात. शिंपी कोटाचा घेर वाढवतो तेव्हा आतलं अस्तरही उसवतो. आपण फक्त शेवटची गुंडी ओढून लावतो आणि ती कोणाच्या डोळ्यात उडते याची वाट पाहतो.

तिसरा आक्षेप जाणकारांचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. ते म्हणतात, कमी ऑफसेटची, म्हणजे हबला टेकणारी बैठक रिममध्ये अधिक आत असलेली, चाकं घातली तरी टायर तेवढाच बाहेर येतो, बेअरिंगवर तेवढाच ताण वाढतो, दगडाला धडकल्यावर स्टिअरिंगला तेवढाच हिसका बसतो. मग स्पेसरलाच शिव्या कशाला? जिमनीच्या मूळ चाकाचा ऑफसेट अधिक ५. त्यामागे ३० चा स्पेसर म्हणजे उणे २५, आणि उणे २५ चं चाक म्हणजेही उणे २५. बेअरिंगला हे दोन्ही सारखेच. अखंड आसाच्या गाड्यांत विशिष्ट वेगाला स्टिअरिंग थरथरण्याची खोड असते, तीही दोन्हींत सारखीच बळावू शकते. पण म्हणूनच माझा निकाल चाकाच्या बाजूने जातो: तितकाच ताण सोसायचा असेल तर एका जोडाने सोसा, दोन जोडांनी कशाला? चाक बदललं तर हबवर एकच जोड राहतो. स्पेसर आला की हबला स्पेसर आणि स्पेसरला चाक, असे दोन. सोयरिकीत मध्यस्थ वाढले की गैरसमज वाढतात, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ऑस्ट्रेलियात, जिथे या गाड्या खऱ्याखुऱ्या वाळवंटात जातात, तिथल्या मोटार-फेरफारांच्या राष्ट्रीय नियमावलीत कंपनीने मूळ दिलेला नसलेला स्पेसर बसत नाही. मात्र योग्य मर्यादेत वेगळ्या ऑफसेटच्या चाकांना वाट आहे. हा भेद लहरीपोटी झालेला नाही.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण खरा तोच: स्पेसर लावल्यावर गाडी देखणी दिसते. दिसते. याला उत्तर नाही, आणि देऊही नये. फक्त त्याला ऑफ-रोडिंगची गरज म्हणू नये, इतकीच विनंती. कमानीबाहेर आलेला टायर पावसाळ्यात लाल चिखल दारावर, काचेवर आणि मागून येणाऱ्या सज्जनावर सारख्याच उदारपणे फेकतो, तेव्हा देखणेपण तसंही दिसत नाही.

एवढं ऐकूनही ज्याला स्पेसर घ्यायचाच आहे, त्याने निदान पारखून घ्यावा. नुसती चकती, जी मूळ स्टडवर सरकवून त्याच नटांनी चाकासकट आवळतात, ती टाळावी. जिमनीचा स्टड १२ मिलिमीटर जाडीचा, त्याचे आटे सव्वा मिलिमीटरवर. नट निदान स्टडच्या जाडीइतका तरी आट्यांत गेला पाहिजे, म्हणजे साडेनऊ फेरे. चकतीने त्यातले काही खाल्ले की नट पाहुण्यासारखा उंबऱ्यावरच उभा राहतो. दुसरा प्रकार स्वतःचे स्टड असलेला: तो मूळ स्टडवर वेगळ्या नटांनी बसतो आणि चाक त्याच्या स्टडवर. यातही पाच स्टडचं वर्तुळ १३९.७ मिलिमीटरचं आहे एवढं पाहून थांबू नये. मधलं भोक हबच्या उंचवट्यावर नेमकं बसणारं हवं, जिमनीला १०८ मिलिमीटरचं. आणि चाकाच्या बाजूलाही तसाच उंचवटा हवा, नाहीतर चाक मध्यावर न बसता स्टिअरिंगमधून कुरकुरत राहतं. जाडी कमी असेल तर मूळ स्टडची टोकं स्पेसरच्या बाहेर डोकावून चाकाला आत टेकतात का, तेही पाहायला हवं. आणि कुठलाही स्पेसर बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून लख्ख करावेत, कारण भार वाहतं ते दाबून धरलेल्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. मध्ये गंज किंवा मातीचा पापुद्रा राहिला तर तो दाबला जातो आणि नट सैल होतात. पोलादी हब आणि ॲल्युमिनियमची चकती या जोडीत ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे काढलेला स्पेसर हबला असा चिकटतो की काढताना हातोडा आणि शब्द दोन्ही जड वापरावे लागतात.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. तीन सेंटिमीटरची चकती त्यात बसते का, यावर वकील छान वाद घालतील. तो वाद घाटात, पावसात, हवालदारासमोर घालण्यात मजा नाही.

तेव्हा आधी कणीक, मग पट्टी, मग बोल्ट आणि बंप स्टॉप. त्यानंतरही आर्मला घासलंच तर योग्य ऑफसेटची चाकं. आणि खिसा किंवा हौस आडवी आली तर सर्वांत शेवटी स्पेसर, जितका लागतो तितक्याच जाडीचा. तो बसवलाच, तर पहिल्या शंभरेक किलोमीटरांच्या आत टॉर्क पाना घेऊन सगळे नट पुन्हा तपासा, चाकाचेही आणि स्पेसरचेही. स्पेसरचे नट चाकाच्या मागे असतात. चाक काढल्याशिवाय ते दिसत नाहीत.